स्वरांचे पान सजविताना

साताऱ्याहून वेण्णा नदीच्या खोऱ्यातून वर चढत जाणारा रस्ता मेढ्याला पोहोचतो. जावळी तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. बाजारपेठ आटोपशीर, पावसाळा मात्र लांबलचक. अशा गावी संगीत शिकणारी मुले-मुली आढळली की काहींना नवल वाटते. वास्तविक तसे वाटण्याचे कारण नाही. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद ही अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची नावे सातारा-सांगली भागातील संगीतप्रेमी कुटुंबांना परकी नाहीत. दुकानाच्या माडीवर हार्मोनियम वाजते आहे आणि खाली गल्ल्यावर वडील हिशेब जुळवीत आहेत, हे दृश्य व्यापारी घरांतही दुर्मिळ राहिलेले नाही.

या मुलांनी एकत्र येऊन संगीताचे स्वतःचे एखादे वार्षिक काढायचे ठरविले, तर काय काय लागेल? लेख मिळतील. रागांची माहिती, गुरूंच्या मुलाखती, मैफलींचे वृत्तान्त लिहिणारे कोणी ना कोणी निघतेच. घोडे अडते ते छायाचित्रांपाशी. मोबाइलवर काढलेली शेकडो चित्रे असतात. पण छापखान्यात गेली की चेहरे काळवंडतात, तंबोरा अर्धा कापला जातो, आणि मंचावरील जांभळ्या दिव्यांच्या प्रकाशात गायकाचे तोंड ओळखू येईनासे होते. मग ‘फोटो छापखानेवाला बघून घेईल’ असे म्हणून काम पुढे ढकलले जाते. छापखानेवाल्यापाशी एका पानासाठी किती मिनिटे असणार? छायाचित्रांवर संस्कार करण्याची विद्या संपादक मंडळातील एका तरी विद्यार्थ्याने स्वतः आत्मसात करणे, हाच यावरचा खरा उपाय आहे. ही विद्या अवघड नाही. तिला पैसाही फारसा लागत नाही. तिला लागतो तो वेळ, आणि काही बाबतींत विवेक.

संगीत शिकणाऱ्याने छपाईतही लक्ष घालावे ही कल्पना आजची नाही. तिचा उगम याच परिसरातील एका पुरुषाकडे जातो. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ मध्ये कुरुंदवाड येथे जन्मले. बालपणी दारूकामाच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली आणि पुढे मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे गायनाचे शिक्षण झाले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. गाणे शिकविण्यासाठी पुस्तके हवीत, पुस्तकांसाठी स्वरलिपी हवी, आणि स्वरलिपी छापण्यासाठी तिची चिन्हे समजणारा छापखाना हवा, ही साखळी त्यांनी ओळखली. विद्यालयाचा स्वतःचा छापखाना उभा राहिला, क्रमिक पुस्तके निघाली, ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिकही निघाले. ज्या माणसाला छापलेले अक्षर धड दिसत नव्हते त्याने छपाईचा एवढा ध्यास घ्यावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या कथेला व्यापारी वाचकांनी दुर्लक्षू नये अशी दुसरीही बाजू आहे. १९०८ मध्ये मुंबईला आल्यावर विद्यालयासाठी मोठी वास्तू उभारली गेली, ती कर्ज काढून. मैफलींच्या उत्पन्नावर हप्ते फेडण्याचा भरवसा होता. मैफलीचे उत्पन्न हे पावसासारखे. त्यावर बांधलेले वेळापत्रक टिकत नाही. अखेर ती वास्तू लिलावात गेली. पलुसकरांचे १९३१ मध्ये मिरजेत निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. वास्तू गेली, पण शिष्य आणि पुस्तके राहिली. कोणती गुंतवणूक बुडाली आणि कोणती फळली, याचा ताळेबंद ज्याचा त्याने मांडावा.

याच मंडळाचे ‘संगीत कला विहार’ हे मासिक १९४७ मध्ये सुरू झाले. त्याचे पहिले संपादक प्राध्यापक बी. आर. देवधर हे मूळचे मिरजेचे, पलुसकरांचे शिष्य. त्यांनी या मासिकातून मोठमोठ्या गायक-वादकांची शब्दचित्रे लिहिली. त्यांतूनच पुढे ‘थोर संगीतकार’ हा ग्रंथ सिद्ध झाला. गायकाचे गाणे ऐकायला न मिळालेल्या पिढ्यांना तो गायक कळतो तो अशा लेखांतून आणि लेखासोबतच्या एखाद्या धूसर छायाचित्रातून. पगडी, अंगरखा, तंबोऱ्यावर टेकलेला हात, शेजारी बसलेला सारंगिया: त्या एका चौकटीत केवढी माहिती साठलेली असते! ती चौकट नीट छापली गेली नाही तर माहिती नष्ट होते, आणि मूळ छायाचित्र हरवले असेल तर ती कायमचीच.

चित्र आणि मजकूर यांचा संसार कसा मांडावा हे शिकण्यासाठीही सांगली जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. किर्लोस्करवाडी येथे नांगर आणि यंत्रे घडविणाऱ्या कारखान्याच्या आवारात १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याचे वार्तापत्र म्हणून आरंभ झालेले हे नियतकालिक पुढे मराठीतील अग्रगण्य मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला लाभली. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते. माळरानावरच्या औद्योगिक वसाहतीत बसून महाराष्ट्रभर जाणारी देखणी मासिके काढता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. मेढ्यातील मुलाला ‘आपल्या गावात काय होणार?’ असे वाटत असेल तर त्याने किर्लोस्करवाडी आठवावी.

ठिपक्यांचे गणित

आता प्रत्यक्ष विद्येकडे वळू. पहिली गोष्ट: छापलेले छायाचित्र हे मुळात छायाचित्र नसतेच, ते ठिपक्यांचे जाळे असते. काळ्या शाईने करडा रंग छापता येत नाही. म्हणून गडद भागात मोठे ठिपके आणि फिकट भागात बारीक ठिपके टाकून डोळ्याला करड्याचा भास दिला जातो. जुन्या काळी यासाठी चित्रासमोर बारीक रेषांची काच धरून तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर ठोकळा बनवीत. त्याला हाफटोन ब्लॉक म्हणत. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदासाठी इंचाला सुमारे ६५ रेषांची जाळी पुरे, तर गुळगुळीत आर्ट पेपरवर ती १३३ किंवा १५० पर्यंत नेता येई. आज ठोकळे गेले, पण जाळी कायम आहे.

छापखान्यात ‘इंचाला ३०० पिक्सेल द्या’ असे सांगतात, त्याचे मूळ येथे आहे. जाळीच्या एका रेषेमागे साधारण दोन पिक्सेल असावेत असा संकेत. १५० ची दुप्पट ३००. हे एकदा समजले की बाकीचा हिशेब त्रैराशिकाचा. मोबाइलवरील चित्र रुंदीला ३००० पिक्सेल असेल तर ते १० इंच रुंद छापता येते. तेच चित्र व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने आले असेल तर दाबून लहान झालेले असते. ते पूर्ण पानावर ताणले की चेहऱ्याच्या जागी चौकोन दिसू लागतात. म्हणून मित्रांकडून चित्रे मागविताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलने मागवावीत. संपादनाची अर्धी लढाई या एका सूचनेने जिंकली जाते.

साधनांची चिंता करू नये. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले. त्याचा पाया थॉमस नोल या अमेरिकेतील विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणाने आपल्या भावाच्या साहाय्याने घातला होता. ते आजही उत्तम आहे, पण त्याचे वर्गणीचे पैसे विद्यार्थ्यांना जड जातात. त्याऐवजी ‘गिंप’ नावाची आज्ञावली संपूर्ण मोफत मिळते, आणि तीही विद्यार्थ्यांचीच निर्मिती आहे. बर्कले येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तिचा आरंभ केला. १९९६ मध्ये ती लोकांसमोर आली. पानांची मांडणी करण्यासाठी ‘स्क्रायबस’ ही तशीच मोफत आज्ञावली आहे. चोरून उतरविलेली महाग आज्ञावली वापरण्यापेक्षा मोफत आज्ञावली उजळ माथ्याने वापरावी. अचौर्य अणुव्रताचा उच्चार ज्या घरांत होतो तेथे याचे अधिक स्पष्टीकरण नको.

शिकण्याचा क्रम कसा असावा? अनेक मुले पहिल्याच दिवशी पार्श्वभूमी बदलण्याच्या, आकाशात ढग घालण्याच्या मागे लागतात. संगीताच्या विद्यार्थ्याला हे सांगणे सोपे आहे की ताना नंतर, आधी षड्ज. येथील षड्ज म्हणजे ‘लेव्हल्स’. चित्रातील काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा एका आलेखात दिसतात. काळा खरा काळा आणि पांढरा खरा पांढरा व्हावा म्हणून त्या आलेखाची दोन्ही टोके जरा आत ओढायची, एवढेच. मळकट दिसणारे चित्र एका क्षणात उजळते. मात्र कागदावर शाई पसरते आणि मधल्या छटा संगणकाच्या पडद्यावर दिसतात त्याहून गडद छापल्या जातात. म्हणून मधली छटा थोडी फिकी ठेवावी लागते. काळा कोट घालून काळ्या पडद्यासमोर बसलेला तबलावादक छापल्यावर नुसते मुंडके होऊन तरंगतो, तो या एका दुर्लक्षामुळे.

त्यानंतर रंगसंतुलन. आजकाल गावोगावच्या मंचांवर लाल-जांभळे एलईडी दिवे लावण्याची हौस आली आहे. भैरव गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर गुलालासारखा प्रकाश सोडणाऱ्याला काय म्हणावे, हा वेगळा विषय. पण त्या प्रकाशात चित्रातील लाल रंगाची वाहिनी भरून वाहते आणि नाक, गाल, कपाळ यांचा भेद उरत नाही. येथे एक युक्ती उपयोगी पडते. प्रत्येक रंगीत चित्र तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन वाहिन्यांचे बनलेले असते. त्यांतली हिरवी वाहिनी वेगळी काढून पाहिली तर तिच्यात चेहऱ्याचा तपशील पुष्कळदा शिल्लक सापडतो. तिच्यापासून कृष्णधवल चित्र तयार करावे. रंग गेला याची हळहळ नको. पडद्यावरचा झगझगीत जांभळा रंग छपाईच्या आकाशी, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईत तसाही उतरत नाही, तो मलूलच होतो.

वाद्यांचे छायाचित्रण हे तर स्वतंत्र प्रकरण आहे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या संगीत-अंकात मिरजेच्या कारागिरांवर लेख नसेल तर तो अंक अपुराच म्हणायचा. परंतु तंबोरा कॅमेऱ्याला वश होत नाही. चार-पाच फूट उंच, खाली प्रचंड भोपळा आणि वर निमुळती दांडी. मोबाइल जवळ नेऊन चित्र घेतले की भोपळा राक्षसी आणि खुंट्या मुंगीएवढ्या दिसतात. दोन पावले, जमल्यास चार पावले मागे जाऊन, चित्र मोठे करून घ्यावे. भोपळ्यावरील लाखेचे पॉलिश आरशासारखे चमकते. त्यात खिडकी, ट्यूबलाइट आणि खुद्द छायाचित्रकार उमटतो. संगणकावर ती चमक पुसत बसण्यापेक्षा खिडकीवर पांढरे धोतर किंवा चादर लावून प्रकाश मऊ करणे शहाणपणाचे. जे काम कापडाने होते त्यासाठी संगणक झिजवू नये. आणि कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी चादर कमी असण्याचे कारण नाही. पानाच्या मांडणीतही तंबोऱ्याला उभा रकाना द्यावा. तो आडव्या चौकटीत कोंबण्यासाठी त्याची दांडी कापणारे लोक आहेत, आणि दांडी कापलेला तंबोरा हा केवळ भोपळा असतो.

जुनी छायाचित्रे

विद्यार्थ्यांच्या अंकाचे सर्वांत मोलाचे धन कुठे असते? गावातील वृद्ध संगीत शिक्षकांच्या, भजनी मंडळांच्या, नाटकांत कामे केलेल्या आजोबांच्या ट्रंकांत. ओल धरलेल्या, एकमेकांना चिकटलेल्या त्या छायाचित्रांना जावळीचा पाऊस सोसत नाही. ती मिळवून त्यांच्या प्रतिमा करून ठेवणे हे कोणत्याही लेखापेक्षा महत्त्वाचे काम आहे. लहान छायाचित्र स्कॅन करताना इंचाला ६०० चे माप ठेवावे. दोन इंच रुंद चित्रातून १२०० पिक्सेल मिळतील आणि ते चार इंच रुंद स्वच्छ छापता येईल. वर्तमानपत्रातील कात्रण असेल तर त्यावरचे ठिपके आणि नव्या छपाईचे ठिपके एकमेकांत अडकून चौकडीची नक्षी उमटते; त्यासाठी स्कॅनरमध्ये ‘डीस्क्रीन’ची सोय असते, तिचा उपयोग करावा.

नंतरची दुरुस्ती ही सोनाराच्या सबुरीची. पूर्वी स्टुडिओंत काचेच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीने सुरकुत्या आणि डाग झाकीत. त्यासाठी खास उतरते मेज असे आणि हात न थरथरणाऱ्या कारागिरालाच ते काम मिळे. आज ‘क्लोन’ आणि ‘हील’ ही हत्यारे शेजारचा भाग उचलून तड्यावर लावतात. लहान तोंडाचा ब्रश, पुष्कळ थांबे, आणि दर दहा मिनिटांनी संपूर्ण चित्र एकदा दुरून पाहणे, एवढे पथ्य पाळले की काम बेमालूम होते. जुन्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव उमटविलेले असेल तर ते कापून टाकू नये. तो त्या चित्राचा जन्मदाखला आहे.

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र बँकेत आणि पेढीवर वावरलेल्यांना चटकन पटेल: मूळ कागदावर कधीही खाडाखोड करू नये. मूळ प्रतिमा एका वेगळ्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवावी आणि सगळे प्रयोग तिच्या नकलेवर करावेत. ती नक्कलही ‘लेयर’ म्हणजे थरांत ठेवावी, म्हणजे कोणता बदल कधी केला ते मागे जाऊन पाहता येते आणि चुकला तर तेवढाच काढता येतो. जेपीईजी स्वरूपातील चित्र बदलून पुन्हा पुन्हा साठविले की दर वेळी थोडा तपशील गळतो. काम चालू असेपर्यंत ते आज्ञावलीच्या स्वतःच्या स्वरूपात ठेवावे. फोल्डरच्या नावात तारीख, स्थळ आणि छायाचित्रकाराचे नाव असावे. ज्या घरी दिवाळीला वहीपूजन होते तेथील मुलाला नोंद ठेवणे शिकवावे लागू नये. पण ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर दोन’, ‘फायनल’, ‘फायनल खरे’ अशी नावे पाहिली की ही अपेक्षा फोल ठरते.

हक्कांचाही विचार हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावरील हक्क, छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. इंटरनेटवर दिसले म्हणून ते उचलावे असा अर्थ कायद्यात कुठेही नाही. त्यापेक्षा आपल्याच गावातल्या मैफलीचे, आपल्याच मित्राने काढलेले साधे चित्र त्याच्या नावासह छापावे.

काय पुसावे, काय ठेवावे

आतापर्यंतचा भाग हातांचा होता. पुढचा भाग कठीण आहे, कारण हत्यार हाती आले की ते कुठे थांबवायचे हा प्रश्न उभा राहतो.

मैफलीचे छायाचित्र घ्या. मध्यभागी गायक, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला हार्मोनियम, आणि मागे तंबोरा धरून बसलेली दोन मुले. ती बहुधा गायकाची शिष्य असतात. अडीच-तीन तास एका बैठकीत, एका लयीत तारा छेडत राहतात. मैफलीचा सगळा डोलारा त्या षड्जावर उभा असतो. आणि अंकात चित्र छापताना पहिली कात्री लागते ती त्यांनाच! ‘जागा कमी होती’ हे नेहमीचे कारण. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या अंकातही तंबोरा धरणारी मुलगी चौकटीबाहेर गेली, तर मग तिला स्थान मिळणार कुठे? छायाचित्र कातरण्यापूर्वी संपादकाने बोट ठेवून प्रत्येक माणूस मोजावा. जागा कमी असेल तर शीर्षक लहान करावे, माणूस कापू नये. चित्राखालच्या ओळीतही नावे डावीकडून उजवीकडे सर्वांची यावीत. ‘आणि साथीदार’ हे कोणाचेही नाव नव्हे.

दुसरा मोह गोरेपणाचा. मोबाइलमधील ‘ब्यूटी’ची सोय न विचारताच त्वचा उजळते आणि सुरकुत्या पुसते. सत्तर वर्षे गायिलेल्या गळ्याच्या शिरा, बोटांना तारांनी पाडलेले घट्टे ही त्या कलावंताची कमाई आहे. ती पुसणारा संपादक त्याचा गौरव करीत नाही. अंधारातला चेहरा दिसावा म्हणून उजळणे ही दुरुस्ती आहे, पण सावळ्या मुलीला गोरी करून छापणे ही दुरुस्ती नव्हे, आणि तो संदेश त्या मुलीला अचूक पोहोचतो.

तिसरा मोह जोडकामाचा. दोन वेगळ्या चित्रांतील माणसे कापून एका मंचावर बसविणे आज पाच मिनिटांचे काम आहे. एखाद्या थोर गायकाशेजारी आपल्या क्लासच्या गुरूंना बसवावे, रिकाम्या खुर्च्यांवर श्रोते पेरावेत, असे वाटू शकते. येथे आपल्या परंपरेने हजारो वर्षांपूर्वी घालून ठेवलेल्या मर्यादा आठवतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ येते, म्हणजे खोटे लेख तयार करणे. अचौर्याच्या अतिचारांत ‘प्रतिरूपकव्यवहार’ येतो, म्हणजे अस्सलाच्या जागी तसाच दिसणारा नकली माल खपविणे. हे नियम सांगितले गेले तेव्हा व्यापाऱ्याच्या तराजूचा आणि दस्तऐवजाचा विचार होता. पण जोडकाम केलेल्या छायाचित्राला याहून नेमके नाव सापडणार नाही. मुखपृष्ठावर कल्पक चित्र हवेच असेल तर खुशाल करावे, आणि ‘कल्पनाचित्र’ असे स्पष्ट छापावे. लपविणे आले की दोष आला.

मायक्रोफोनबद्दल मतभेद संभवतो. गायकाच्या हनुवटीपुढे येणारा मायक्रोफोन पुसावा की ठेवावा? तो ठेवावा हेच बरे. पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला त्याच्यावरूनच काळ कळेल. त्याऐवजी छायाचित्रकाराने बाजूला सरकून, सम येण्याच्या क्षणी चित्र घ्यावे. सम कधी येणार हे संगीताच्या विद्यार्थ्याला कळते, भाड्याने आणलेल्या छायाचित्रकाराला बहुधा कळत नाही. हे काम विद्यार्थ्यांनीच करावे याचे एवढे एक कारणही पुरेसे आहे.

ओघाने आणखी एक गोष्ट. फिल्म आणि छायाचित्रांचा कागद यांवरचा थर जिलेटिनचा असे, आणि ते प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढीत. लग्नाच्या अल्बमांचे ढीग जमविताना हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. डिजिटल छायाचित्राला त्या थराची गरज उरली नाही, ही अहिंसेच्या दृष्टीने लहान नसलेली बाब आहे.

संगीत, चित्र आणि पान या तिघांचा मेळ घालण्याचे काम जैन समाजाला नवे नाही. पार्श्वदेवांचा ‘संगीतसमयसार’ आणि सुधाकलशांचा १३५० मधील ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ हे संगीतशास्त्रावरील ग्रंथ जैन आचार्यांचे आहेत. अहमदाबादच्या देवसानो पाडो भांडारातील पंधराव्या शतकातील कल्पसूत्राची पोथी तर चकित करणारी आहे. मध्ये धर्मग्रंथाचा मजकूर, सोबत भगवंतांच्या जीवनातील प्रसंग, आणि समासांत राग, स्वर व नृत्यमुद्रांची चित्रे. हे सारे व्यापाऱ्यांच्या औदार्यातून निर्माण झाले. समास म्हणजे मोकळी सोडलेली जागा, ती पान वाचनीय करते आणि प्रसंगी बोलतेही, ही गोष्ट त्या चित्रकारांना ठाऊक होती. आजच्या मुलांचे पान पाहावे तर चारही बाजूंनी मजकूर ठासलेला, चार प्रकारचे टाइप, प्रत्येक चित्राला सोनेरी चौकट आणि कोपऱ्यात उडणारे स्वरचिन्ह, तेही पाश्चात्त्य! तंबोऱ्याच्या अंकावर पाश्चात्त्य स्वरलिपीचे चिन्ह कशासाठी, हे कोणीतरी विचारायला हवे.

खर्चाचे म्हणाल तर छपाई पानांच्या पटीत चालते. मोठ्या कागदावर आठ किंवा सोळा पाने एकदम छापून घडी घालतात. म्हणून अंक ३२ किंवा ४८ पानांचा ठरवावा, ३५ पानांचा ठरवून कागद वाया घालवू नये. सगळा अंक रंगीत करण्याची ऐपत नसेल तर रंगीत चित्रे एकाच फर्म्यात येतील अशी योजना करावी, बाकी अंक कृष्णधवल ठेवावा. रंगीत पाने कोणती पडतील हे छापखान्यात जाऊन कागदाची घडी घालून, तिच्यावर पेन्सिलीने आकडे टाकून पाहावे. मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून घ्यावा. कित्येक छापखाने अद्याप श्रीलिपीच्या जुन्या टाइपांवर काम करतात, तेव्हा अक्षरांतर करताना जोडाक्षरे आणि रफार फुटतात; ‘दुर्गा’ रागाचा रफार हरवलेला अंक लोक पुढील दहा वर्षे दाखवतात. जाहिराती बाजारपेठेतून मिळतीलच. जाहिरातदाराच्या दुकानाचे छायाचित्रही याच विद्यार्थ्यांनी काढून, स्वच्छ करून द्यावे. दुकानाचे नाव वाचता येते आहे आणि मांडलेला माल ओळखू येतो आहे, असे चित्र मिळाले तर दुकानदार पुढच्या वर्षीही जाहिरात देतो, आणि आपल्या कॅटलॉगचे काम कोणाला सांगावे हेही त्याला समजते.

अंक छपाईला देण्यापूर्वी एक पान त्याच कागदावर, त्याच यंत्रावर छापून मागावे. छापखाने नमुना देण्यास कुरकुर करतात, तरी आग्रह धरावा. तो नमुना ट्यूबलाइटखाली न पाहता सकाळच्या उजेडात दारात नेऊन पाहावा. गायकाचा चेहरा दिसतो का, तबल्याच्या शाईचा काळा आणि कोटाचा काळा वेगळा कळतो का, मागच्या दोन्ही मुली चौकटीत आहेत का, आणि त्यांची नावे बरोबर छापली आहेत का, हे पाहून मगच नमुन्यावर सही करावी.